बांधावरचं केकताड



पुस्तकात ज्याला घायपात म्हणतात, ते आमच्या आटपाडी-माण पट्ट्यात केकताड. कितीही दुष्काळ पडो, बांधावर हे हिरवंच. त्यामुळं आपण त्याला इथलंच समजतो. पण मूळ गाव त्याचं मेक्सिको, तिथून ते जगभर गेलं. त्याच्या दोराच्या जातीला ‘सिसल’ हे नावही मेक्सिकोतल्या एका बंदरावरून पडलं. १८९३ साली हिंडॉर्फ नावाच्या जर्मन शेतीतज्ज्ञानं याची हजार रोपं आफ्रिकेत न्यायला काढली. जगली फक्त ६२. त्या ६२ वर आजच्या टांझानियातला दोराचा मोठा धंदा उभा राहिला. यावरून त्याची चिवट जात कळते.

आपल्याकडं मातंग समाजातली माणसं पानं कापून पाण्यात कुजवायची, झोडपून वाख काढायची. त्याची दावी, कासरे, शिंकी वळायची आणि बलुत्यात धान्य घ्यायची. बेंदराला बैलाला नवा कासरा लागायचाच. खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरांबरोबर दोरखंडही विकला जायचा. मग नायलॉन आलं, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. वाख काढणारे हात दुसऱ्या कामाला लागले आणि केकताडाला कुणी वाली राहिला नाही.

आता माझी चूक सांगतो. ७२ च्या दुष्काळानंतर आमच्या वडिलांनी उताराच्या बांधावर केकताडाची रांग लावली होती. टेंभूचं पाणी येणार म्हटल्यावर मला वाटलं, काटे कशाला, तेवढीच दोन सऱ्या जागा वाढंल. जेसीबी लावून सगळं उपटलं. वडील काही बोलले नाहीत, नुसते बांधावर बसून राहिले. पुढच्याच परतीच्या पावसात बांध तीन ठिकाणी फुटला आणि वावरातली चांगली माती ओढ्याला गेली. दोन सऱ्या मिळवायला गेलो अन् पिढीची माती घालवली.

हे झाड पानाची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतं, म्हणून उन्हात पाणी उडत नाही. कोरफडीचंही तसंच. मुळं वरच्या थरातच पसरून माती धरतात. आयुष्यात एकदाच उंच दांडा येतो, फुलतं आणि मरतं. पण मरताना बुडाशी पिल्लं ठेवून जातं.

लावायचं असेल तर ही पिल्लं मृगाच्या पावसावर, तीन फुटांवर, उताराला आडवी लावा. पाणी तुंबतं तिथं नको, बूड कुजतं. वावरात येणारी पिल्लं दरवर्षी काढा, नाहीतर पसरतं. पायवाटेकडच्या पानांची टोकं छाटा. चीक अंगाला खाजतो, हातमोजे घाला.

यंदा शेजारच्या पड रानातून पिल्लं आणून मी तीच रांग पुन्हा लावलीय. वडील बघायला नाहीत.

तुमच्या गावात वाख काढणारं जुनं माणूस असेल तर जवळ बसून शिकून घ्या.

जय किसान.