एक डॉलरचा कोच

मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. बेसबॉल जेमतेम कळतो. तरी रॉड डेडोच्या एका आकड्यापाशी अडखळलो. वार्षिक पगार : १ डॉलर.

१९३५ साली डेडो ब्रुकलिन डॉजर्सकडून दोन सामने खेळला. चारदा फलंदाजी, एक हिट. पुढे पाठ दुखावली आणि खेळाडू म्हणून कारकीर्द आटोपली. ५०० डॉलरवर त्याने मालवाहतुकीचा धंदा काढला, तो चालला. १९४२मध्ये लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ त्याच्याकडे आला. काही वर्षं सॅम बॅरीच्या जोडीने, मग एकट्याने, १९८६पर्यंत.

लोक त्या डॉलरला त्याग म्हणतात. महिनाअखेरीला बँकेच्या मेसेजची वाट बघणाऱ्या मला ती चैन वाटते. ट्रक धावत होते, म्हणून पगाराचा प्रश्नच नव्हता. असं स्वातंत्र्य किती प्रशिक्षकांना मिळतं?

त्याचं त्याने सोनं केलं, हेही खरं. ११ राष्ट्रीय विजेतेपदं; १९७० ते १९७४ सलग पाच. १९७३ची उपांत्य लढत तर अविश्वसनीय. ओमाहात मिनेसोटाच्या डेव्ह विनफिल्डने १५ जणांना स्ट्राइकआऊट केलेलं. शेवटचा, नववा डाव उरला तेव्हा धावफलक ७-०. त्या एका डावात डेडोच्या पोरांनी आठ धावा काढल्या.

टॉम सीव्हर, रँडी जॉन्सन, मार्क मॅग्वायर हे पुढचे कोट्यधीश त्याच्याच हाताखालचे. डेडो मात्र दिसेल त्याला एकाच नावाने हाक मारायचा : ‘टायगर’.