तळटीप : व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी
१. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी : प्रापंचिक कॅथलिकांची सेवासंस्था. संत व्हिन्सेंट (मृत्यू १६६०) तिचे आश्रयदाते संत. त्यांनाच संस्थापक समजण्याची चूक वारंवार होते. संस्था निघाली पॅरिसमध्ये, १८३३ साली. फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे काही सोबती यांनी ती सुरू केली. गरिबांच्या दारी कसे जावे, हे त्यांना रोझाली रांद्यू या धर्मभगिनीने शिकवले. सभासद आजही गरजू कुटुंबांना, सहसा जोडीने, घरी जाऊन भेटतात. धान्य, औषधे, फीचे पैसे दिले जातात. पण शेजारी बसून त्यांचे ऐकून घेणे हेच या कामाचे खरे मोठेपण, असे मला वाटते. धर्मग्रामातील शाखेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. ओझानाम यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ मध्ये धन्यवादित घोषित केले.