बगदादची पाकशाळा आणि आरोग्य

अरबांचे व इराण्यांचे जुने जेवण आरोग्याला हितकर होते काय? चरबीत न्हालेले मांस एवढीच त्याची कल्पना आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असते. परंतु दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राक याने पाकग्रंथ रचला, तेव्हा कृतींबरोबर अन्नाचे उष्ण-शीत गुणही नोंदले. अकराव्या शतकात तेथीलच वैद्य इब्न बुतलान याने आहार, निद्रा व श्रम यांची कोष्टके मांडली. हा विचार मुख्यतः ग्रीक वैद्यकाचा. आपले चरक-सुश्रुतही अरबीत उतरले होते. इराणात उष्ण अक्रोडाला शीत डाळिंबाची जोड देतात, ती याच विचाराने.

मात्र १२२६ सालच्या अल-बगदादीच्या ग्रंथातील कितीतरी कृतींचा आरंभ मेंढीच्या शेपटीची चरबी वितळविण्यापासून होतो. ते श्रीमंतांचे ताट. गरिबांच्या वाट्याला रोटी, खजूर, डाळी व कांदा. आणि आजचे आहारशास्त्र कौल देते तो बव्हंशी यालाच. उष्ण-शीताचा सिद्धान्त आज मागे पडला. प्रकृती, ऋतू व प्रमाण पाहून जेवण्याची शिस्त मात्र टिकली. तेव्हा पूर्वजांच्या आहाराचे गोडवे गाण्यापूर्वी, ते ताट कोणाचे होते, एवढे आपण विचारावे.