एचआरची डिग्री आणि सातारा रोडचा नांगर

एसटीत खिडकीशी बसला असाल, नाहीतर रानात पाणी धरायला गेला असाल, तर सहा-सात मिनिटं द्या. आजचा भाग जरा घरचा आहे.

मी कोरेगावचा. भीमा कोरेगाव नव्हे हां, साताऱ्याचं, वाघ्या घेवड्याचं कोरेगाव. बारावीनंतर मी बीबीए केलं आणि विषय घेतला मनुष्यबळ विकास, म्हणजे आपलं एचआर. घरी सांगितलं तेव्हा आईनं विचारलं, "म्हंजे शिकून करणार काय?" मी पाठ केल्यासारखं म्हणालो, "माणसं नेमायची, त्यांना ट्रेनिंग द्यायचं, त्यांचा विकास करायचा."

आजोबा पडवीत बसले होते. पिंपरीकडच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढलेली. ते म्हणाले, "बाळा, माझा विकास करायला कधी कोणी आलं नाही. आत घेताना टाइमकीपर आला आन् घालवताना लेबर ऑफिसर आला. मधल्या बत्तीस वर्षांत नाव कुणी विचारलं नाही, बिल्ल्याचा नंबर विचारला."

मी गप्प. तीन वर्षांच्या पुस्तकांत त्याला उत्तर नव्हतं. पुस्तक सुरू व्हायचं अमेरिकेतल्या टेलरपासून, मग शिकागोजवळचा हॉथॉर्न कारखाना, एल्टन मेयो, आणि परीक्षा. आपल्याकडं काय झालं ते मला नंतर शोधावं लागलं. तेच आज सांगतो.

आपल्याकडं हा विषय विकासातून नाही, भांडणातून जन्मला. मुंबईच्या गिरण्यांत सातारा-कोकणची पोरं जायची, तेव्हा भरती करायचा जॉबर. गावाकडचाच माणूस, पण काम मिळवायला त्याला दस्तुरी द्यायची आणि काम टिकवायलाही द्यायची. १९२९ साली व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयीचा रॉयल कमिशन नेमला गेला, त्याचा अहवाल आला १९३१ ला. त्यात एक सूचना होती, की भरती जॉबरच्या हातात ठेवू नका, त्यासाठी वेगळा लेबर ऑफिसर नेमा. १९३६ ला मुंबईत टाटांच्या ट्रस्टनं समाजकार्य शिकवणारी संस्था काढली, तीच आजची टिस. कामगार कल्याणाचं रीतसर शिक्षण देणारी आपल्याकडची ही सुरुवातीची जागा. मग १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याचं कलम ४९ सांगायचं, पाचशे किंवा जास्त कामगार असतील तर कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे.

म्हणजे माणूस नेमला गेला, पण कायद्यानं. संप होऊ नये, कॅन्टीन चालावं, हजेरी नीट राहावी, एवढंच त्याचं काम. आजोबांना भेटला तो हाच.

'विकास' हा शब्द आला १९७५ ला. मुंबईची लार्सन अँड टुब्रो कंपनी. अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना कंपनीनं आपली मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं, नुसते मार्क देऊन भागणार नाही. माणसाची पुढची कुवत बघा, त्याच्याशी बोला, त्याला शिकवा, त्याची पुढची वाट आखा. त्यातून तिथं एचआरडी नावाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. भारतातला पहिला म्हणून त्याचंच नाव घेतात. पुढं हा शब्द इतका चालला, की १९८५ ला देशाचं शिक्षण खातंच मनुष्यबळ विकास मंत्रालयात गेलं. २०२० ला ते परत शिक्षण मंत्रालय झालं.

इथपर्यंत परीक्षेपुरतं झालं. पण हे काम, हा शब्द यायच्या कितीतरी आधी, आपल्या पट्ट्यात सुरू होतं.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळ, औंध संस्थानाच्या माळरानावर कारखाना उभा केला. आजचा सांगली जिल्हा. चहूकडं निवडुंग आणि साप. इंजिनिअर कुठून आणणार? मग आजूबाजूच्या गावांतली माणसं घेतली आणि लेथवर उभी करून शिकवली. तुरुंगातून सुटलेल्यांनाही त्यांनी कामावर घेतलं, तेही पहाऱ्यावर! १९२० ला तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, पुढं त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं.

या किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव फिरून विकणाऱ्यांत एक होते भाऊराव पाटील. आपले कर्मवीर. नांगर विकताना त्यांनी खेडी पायाखाली घातली. शेतकऱ्याचं पोर हुशार आहे, पण शाळा नाही. शाळा आहे, तर राहायला जागा नाही. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळ काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली.

आता आपल्या तालुक्यात या. १९२२ ला धनजीशा कूपर यांचा नांगरांचा कारखाना सातारा रोडला उभा राहिला. नावात सातारा असलं तरी ते पाडळी गाव, कोरेगाव तालुक्यातलं. कारखाना उभा करायला भाऊराव कूपरांच्या बरोबर होते. चरित्रांत सांगतात, की नफ्यातला वाटा शिक्षणाला द्यायचा असं बोलणं झालं होतं, तो मिळाला नाही, आणि भाऊराव तिथून बाहेर पडले.

कूपरांना खलनायक करायचं नाहीये मला. त्यांनी या माळावर कारखाना आणला, लोकांना रोजगार दिला, १९३७ मध्ये काही महिने ते मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. पण मला तो वाद एचआरच्या कुठल्याही धड्यापेक्षा मोठा वाटतो. कारखान्यानं कमावलेल्या पैशावर पुढच्या पिढीच्या शिक्षणाचा हक्क आहे का? आजही प्रत्येक कंपनीत ट्रेनिंगचं बजेट कापताना हाच प्रश्न टेबलावर असतो.

भाऊरावांनी उत्तर साताऱ्यात दिलं. १९२४ ला वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने मोडले. १९२७ ला गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. १९३५ ला खेड्यांसाठी शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज, १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज. आणि सगळ्याच्या मुळाशी 'कमवा आणि शिका'. पोरगं सकाळी शेतात राबणार, भाकरी थापणार, खडी फोडणार आणि मग वर्गात बसणार. फुकट काही नाही, पण पैशावाचून कुणाची शाळाही सुटणार नाही.

नीट बघा. भरती आहे, ट्रेनिंग आहे, पुढची वाट आखणं आहे. फक्त एक फरक आहे. कंपनी माणूस घडवते ती स्वतःच्या कामासाठी. भाऊरावांनी घडवलेला माणूस उद्या कुठंही जायला मोकळा होता.

आमच्या विषयाच्या नावात 'मनुष्य' आणि 'बळ' शेजारी शेजारी आहेत. बळ मोजता येतं. तासात, नगात, एक्सेलच्या रकान्यात. इंटर्नशिपला मी दोन महिने तेच केलं, 'हेडकाउंट' भरला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, माझ्या शीटमध्ये नावाचा रकानाच नव्हता. एम्प्लॉयी कोड होता. आजोबांचा बिल्ला आठवला.

मी साहेबांना विचारून नावाचा रकाना टाकला. त्यानं फार काही बदललं असं नाही. पण घरी आल्यावर आजोबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग शीक. काहीतरी शिकवतायत म्हणायचं."

तुमच्यापैकी जे एचआर घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी जरूर घ्या. नोकरी लागेल न लागेल, ते बाजारावर आहे. फक्त त्याआधी घरातल्या कुणा कामगाराला, शिक्षिकेला, एसटीच्या कंडक्टरला एक प्रश्न विचारा: तुम्हाला काम कुणी शिकवलं? उत्तर व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही ऐकू. तोवर, भेटू!