जमिनीखालची फायबर केबल नकाशावर कशी येते? जेसीबी लावण्याआधी हे वाचा

रस्त्याचं काम निघालं, जेसीबीचा दात लागला आणि ग्रामपंचायतीचं नेट गेलं, हे कुठल्याच तालुक्याला नवीन नाही. न विचारता केलेल्या खोदाईमुळे देशात वर्षाला सुमारे ३ हजार कोटींचं नुकसान होतं, असं केंद्र सरकार सांगतं. केबल नेमकी कुठून गेली याचा संगणकावरचा नकाशा, म्हणजेच जीआयएस, नीट असेल तर यातलं बरंच टळतं.

जुन्या पद्धतीत नोंद खुणेवरून व्हायची: 'अमुक इमारतीच्या कोपऱ्यापासून तीन मीटर'. पण खूणच गेली तर? मुंबईत वरळीची बीडीडी चाळ घ्या. १९२०च्या दशकात बांधलेल्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या १२१ चाळींच्या जागी म्हाडा टॉवर उभारत आहे. पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. चाळ पाडल्यावर तिच्या कोपऱ्यावरून लिहिलेली नोंद काय कामाची? गावातही तेच. रुंदीकरणात वड जातो, मैलाचा दगड हलतो.

म्हणून जीआयएसमध्ये अक्षांश-रेखांश भरतात. केबल म्हणजे रेषा. चेंबर, जोड आणि खांब म्हणजे बिंदू. प्रत्येकाला माहिती जोडलेली असते: खोली किती, कोअर किती, मालक कोण, कधी टाकली. मोजणी चर उघडा असतानाच करायची. एकदा माती लोटली की उरतो तो अंदाज. साध्या मोबाईलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतो, त्यामुळे नेमक्या कामाला डीजीपीएस यंत्र लागतं.

केबल तुटली की ओटीडीआर हे यंत्र तिच्यात प्रकाश सोडून तुटीचं अंतर सांगतं. गोम अशी, की ते अंतर केबलचं असतं, रस्त्याचं नव्हे. चेंबरमध्ये दुरुस्तीसाठी गुंडाळून ठेवलेली जादा केबलही त्यात मोजली जाते. त्या वेटोळ्यांची नोंद नकाशात नसेल तर माणसं भलतीकडेच खड्डे घेत बसतात.

खोदणाऱ्यासाठी मार्च २०२३पासून केंद्राचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आहे. खोदाईची जागा टाकली की तिथल्या केबल, पाइपलाइनच्या मालकांना सूचना जाते. मात्र ज्या यंत्रणेने आपली माहिती भरलेली नाही, तिला सूचना मिळत नाही. त्यामुळे ॲपसोबत ग्रामपंचायतीतही विचारा, रस्त्याकडेचे मार्कर दगड पाहा.