सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि अश्वरोगांचे निदान

तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीस एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासमवेत घोड्यांचा बाजार. दात, अंगावरील भोवरे व चाल पाहून खरेदीदार घोड्याची किंमत ठरवितो. ही परीक्षा जुनी आहे. जयदत्ताच्या ‘अश्ववैद्यक’ या संस्कृत ग्रंथात अश्वलक्षणे व अश्वरोग दोन्ही येतात. परंतु घोडा धडधाकट दिसणे आणि तो निरोगी असणे यांतील अंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच नेमके कळू लागले.

पावसाळ्यात घोडमाश्या माजतात आणि त्यांच्या दंशाने सर्रा पसरतो. ज्वर येतो, उतरतो, पुन्हा येतो. जनावर खाते पण वाळत जाते. पाय व पोटाखालचा भाग सुजतो. १८८० साली डेरा इस्माईलखान येथे ग्रिफिथ एव्हन्स या लष्करी पशुवैद्याने अशा घोड्यांच्या रक्तात वळवळणारा आदिजीव पाहिला. तोच रोगाचे कारण होय, हे त्याचे म्हणणे वरिष्ठांस पटले नाही. १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील खेचरांत जॉन हेन्री स्टील यास तोच जीव आढळला. त्याने त्याचा वर्ग चुकीचा ठरविला, पण त्यास एव्हन्सचे नाव दिले. ते नाव टिकले. हाच स्टील १८८६ साली परळ येथे निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य. निदानातील अडचण मात्र सूक्ष्मदर्शकानेही पुरती सुटली नाही. ज्वर उतरला की हे जीव रक्तात क्वचितच सापडतात. तेव्हा एका रक्तलेपावरून घोडा निर्दोष ठरविणे धोक्याचे.

ग्लँडर्सची गोष्ट वेगळी. नाकातून स्राव व जबड्याखाली गाठ ही लक्षणे शिंगरांच्या एका नेहमीच्या विकारातही असतात. तेथे गाठ पिकून फुटते, ग्लँडर्समध्ये ती बहुधा कठीण राहते. १८९१ च्या सुमारास रशियात मॅलिन तयार झाले. ते पापणीत टोचले असता रोगी घोड्याचा डोळा दोन दिवसांत सुजतो. १८९९ च्या कायद्याने अशा घोड्यांचा नाश करण्याची तरतूद केली, आणि पुढे हा रोग विरळ झाला. विरळ रोगाची आठवणही विरळ होते. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा प्रकटला. तो माणसासही होतो, ही बाब बाजारात विसरण्याजोगी नव्हे.

सर्रा मात्र माणसास होत नाही, असा समज दृढ होता. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्यास वारंवार ज्वर येऊ लागला, आणि त्याच्या रक्तलेपात एव्हन्सचाच आदिजीव दिसला. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. मानवी रक्तातील जे प्रथिन या जीवाचा नाश करते, तेच त्याच्या शरीरात तयार होत नव्हते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.