स्टोरेज कंट्रोलर केबलिंग

एखादी केबल, पोर्ट, मॉड्यूल किंवा अख्खा कंट्रोलर बंद पडला तरी डिस्कवरील माहितीची वाट खुली राहील, अशा बेताने दोन किंवा अधिक स्टोरेज कंट्रोलर एकमेकांशी, डिस्क-शेल्फशी आणि नेटवर्कशी जोडण्याची पद्धत. तिचे मर्म केबलींच्या संख्येत नसून त्या कशा विभागल्या आहेत यात आहे. एकाच कार्डातून निघून एकाच मॉड्यूलमध्ये शिरणाऱ्या दोन केबली हिशेबात दोन असल्या, तरी ते कार्ड गेले की दोन्ही एकदमच निकामी होतात.

या विचाराचे जुने आणि नेटके उदाहरण म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1983 मध्ये जाहीर केलेली व्हॅक्सक्लस्टर प्रणाली. तिच्यात प्रत्येक संगणक आणि एचएससी-50 हा डिस्क-कंट्रोलर दोन समांतर मार्गांनी ‘स्टार कपलर’ला जोडलेला असे. मार्गाचा वेग 70 मेगाबिट प्रतिसेकंद होता आणि कपलरपासून केबल 45 मीटरपर्यंत नेता येई. दोन्ही मार्ग याच कपलरमधून जात, पण त्याला विजेची गरज नसल्याने तो बंद पडण्याचा संभव फार कमी असे. डिस्कलाही दोन पोर्ट असल्याने ती दोन वेगळ्या कंट्रोलरना जोडता येई.

आजच्या मांडणीसाठी नेटअ‍ॅप कंपनीची एचए (हाय अव्हेलेबिलिटी) जोडी, म्हणजे एकमेकांची जागा घेऊ शकणारे दोन कंट्रोलर, पाहता येईल. सॅस प्रकारच्या प्रत्येक शेल्फमध्ये ए आणि बी अशी दोन आयओ मॉड्यूल असतात. शेल्फच्या रांगेत (स्टॅकमध्ये) एका शेल्फचे ए पुढच्या शेल्फच्या ए-ला आणि बी पुढच्या बी-ला जोडतात. पहिल्या कंट्रोलरची एक केबल पहिल्या शेल्फच्या ए मॉड्यूलमध्ये आणि दुसरी शेवटच्या शेल्फच्या बी मॉड्यूलमध्ये जाते. दुसऱ्या कंट्रोलरची जोडणी नेमकी उलट असते : पहिल्या शेल्फचे बी, शेवटच्या शेल्फचे ए. या तिरप्या मांडणीमुळे दोन्ही कंट्रोलरना दोन्ही साखळ्या गाठता येतात आणि प्रत्येक साखळीला एका टोकाने एक, दुसऱ्या टोकाने दुसरा कंट्रोलर मिळतो. मधला एखादा शेल्फ पूर्ण बंद पडला, तरी त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे शेल्फ दोन्ही कंट्रोलरना दिसत राहतात. एकाच कंट्रोलरच्या दोन्ही केबली ए साखळीला लावल्या, तर सर्व डिस्क दिसतात, दिवे हिरवे असतात, कामही चालते. मात्र एका शेल्फचे ए मॉड्यूल गेले, की त्या कंट्रोलरच्या हातून तो शेल्फ सुटतो. म्हणूनच जोडणी झाल्यावर सिस्टिमचा अहवाल ‘मल्टी-पाथ एचए’ सांगतो का, हे पाहणे केबल लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

दोन कंट्रोलरमधील एचए इंटरकनेक्टवरून लिहायला आलेल्या माहितीची प्रत जोडीदाराच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरीत) जाते. एक बाजू बंद पडली, तर दुसरी बाजू तीच प्रत वापरून ‘टेकओव्हर’ करते, म्हणजे तिचे काम हाती घेते. दोन्ही कंट्रोलर एकाच चेसिसमध्ये असले तर हा दुवा आतूनच असतो, एरवी बाहेरून केबली लागतात. हा दुवा तुटल्यावर प्रत्येकाने जोडीदार मेला असे समजून एकाच डिस्कवर लिहायला घेतले, तर माहितीची नासाडी होईल. म्हणून डिस्कवरील ‘मेलबॉक्स’ या राखीव जागेत दोघेही आपण जिवंत असल्याची नोंद करत राहतात. टेकओव्हर करणारा कंट्रोलर जोडीदाराच्या डिस्कवर आरक्षणही घेतो.

कंट्रोलरना एकमेकांशी जोडणाऱ्या क्लस्टर नेटवर्कमध्ये प्रत्येक नोडच्या (कंट्रोलरच्या) केबली दोन वेगळ्या स्विचमध्ये विभागतात. दोनच नोड असतील, तर स्विच वगळून ते थेट जोडता येतात. सॅसऐवजी एनव्हीएमई प्रकारचे शेल्फ असतील, तर ते साखळीत न गुंफता इथरनेटने जोडतात, पण नियम तोच : प्रत्येक कंट्रोलरची केबल दोन्ही मॉड्यूलपर्यंत.

प्रत्येक उपकरणाच्या विजेच्या दोन्ही केबलीही दोन वेगळ्या पीडीयूंत (वीज वाटणाऱ्या एककांत) लावाव्या लागतात. दोन्ही एकाच पीडीयूत खोचलेल्या असतील, तर तो बंद पडताच एवढ्या काळजीने ओढलेल्या केबली एकदमच मुक्या होतात. दुसरी अडचण केबलीने सुटत नाही : दोन्ही कंट्रोलर नेहमी निम्म्याहून अधिक भाराने चालत असतील, तर टेकओव्हर यशस्वी होऊनही उरलेल्या एकाला दोघांचे काम झेपत नाही.